जुन्या पिकअपचे डिझेल लाईनचे पार्ट गोव्यात कसे शोधायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी टाटा २०७ पिकअप आहे, वडिलांनी घेतलेली, अजून डिचोली-म्हापसा धावते. तिच्या मागे लागून लागून डिझेल लाईनचं थोडं कळायला लागलं आणि मग ओळखीतले, ओळखीच्यांचे ओळखीतले असे सगळे फोटो पाठवून विचारायला लागले. २०७वाले, कॅम्परवाले, बोलेरो पिकअपवाले, छोटा हत्तीवाले (म्हणजे टाटा एस), प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. एका उत्तरात जे आलंय ते दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, प्रश्नाचा नंबर दिलाय तिथे बघा.

१. डिझेल लाईनचे पार्ट म्हणजे नेमके कुठले धरायचे?

टाकीपासून नोझलपर्यंत आणि परत. टाकी, टाकीतली जाळी आणि फ्लोट (डिझेल किती आहे ते काट्याला कळवणारा), तिथून निघणारा पाईप, फीड पंप म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप (बऱ्याचदा त्यावरच हाताने मारून डिझेल भरायचा प्रायमर असतो), फिल्टर, मग मेन पंप म्हणजे इंजेक्शन पंप, त्यातून निघणारे लोखंडी नोझल पाईप, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल, आणि उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्न पाईप. फीड पंपाच्या आधी जे आहे त्यातून डिझेल ओढलं जातं आणि नंतर जे आहे त्यातून ढकललं जातं, एवढं डोक्यात ठेवा, प्रश्न ४ मध्ये याचाच उपयोग होणार आहे.

२. दुकानात गाडीचं नाव आणि वर्ष सांगितलं तर पुरे नाही का?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. एकाच नावाच्या गाडीवर वेगवेगळ्या वर्षी वेगळे पंप बसलेत, कधी इनलाइन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या, एका ओळीत) कधी रोटरी (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल), आणि वीस वर्षांत मधल्या कुठल्या तरी मालकाने तिसराच पंप चढवलेला असू शकतो. आरसी बुकवर २००३ लिहिलंय म्हणून पंप २००३ चाच असेल असं काही नाही. त्यामुळे गाडीचं नाव विसरा, पार्टवरचा नंबर वाचा. आणि शक्य असेल तर जुना पार्ट पिशवीत घालून काउंटरवर न्या. काउंटरवाला चांगला असेल तर नंबर बघून एका मिनिटात सांगतो, नसेल तर निदान आकार, आटे आणि बोल्टची भोकं तरी जुळवून बघता येतात.

३. नंबर कुठे शोधायचा? माझ्या पंपावर तर नुसतं काळं चिकट आहे.

काळ्याखालीच आहे. पंपाच्या अंगावर छोटी पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली असते, डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन हळू घासा, वायर ब्रश लावू नका नाहीतर अक्षरंच जातील. मग बाजूने टॉर्च धरून फोटो काढा, समोरून फ्लॅश मारला तर काही दिसत नाही.

पट्टीवर दोन गोष्टी मिळतात. एक दहा अंकी पार्ट नंबर, आणि दुसरा टाइपचा कोड. कोड 'पीईएस४ए' असा सुरू होत असेल तर तो इनलाइन पंप, ४ म्हणजे सिलिंडर. 'व्हीई४/१०' असं असेल तर रोटरी, ४ सिलिंडर, १० एमएमचा प्लंजर म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, आणि पुढे आर किंवा एल असतं ती पंपाची फिरायची दिशा. दिशा चुकली तर तो पंप फुकट मिळाला तरी उपयोगाचा नाही. नोझलवरही बारीक अक्षरात नंबर कोरलेला असतो. 'डीएलएलए' म्हणजे बऱ्याच भोकांचं, डायरेक्ट इंजेक्शन इंजिनचं (डिझेल सरळ सिलिंडरमध्ये फवारतं ते), त्याच्या पुढचा आकडा फवाऱ्याचा कोन सांगतो. 'डीएन'ने सुरू होणारं ते जुन्या इनडायरेक्ट इंजिनचं (डिझेल आधी बाजूच्या छोट्या खोलीत फवारतं ते). दोन्ही दिसायला सारखी वाटू शकतात, वाचल्याशिवाय घेऊ नका.

आपल्याकडे मेकॅनिक याला अजून 'मायको'चा पंप म्हणतात. मायको म्हणजे १९५१ मध्ये स्थापन झालेली बेंगळुरूची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, तिचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं. त्यामुळे जुन्या पार्टवर मायको आणि नव्या डब्यावर बॉश दिसलं म्हणून घाबरू नका, नंबर जुळवा. काही गाड्यांवर डेल्फी-टीव्हीएसचा रोटरी असतो, त्याचं किट (आतल्या रिंगा-रबरांचा संच) वेगळं, मायकोचं त्यात चालत नाही.

४. सकाळी स्टार्ट व्हायला खूप वेळ घेते, मेकॅनिक म्हणतो पंप गेला. पंप कुठे मिळेल?

थांबा, पंप शोधायच्या आधी कॅन लावून बघा. मी हे कळकळीने सांगतोय कारण आमच्याच गाडीचा पंप आम्ही एकदा उतरवला, उघडवला, कॅलिब्रेट केला (म्हणजे डिझेलचं माप मशीनवर लावून घेतलं), पैसे गेले, चवथीच्या आधीचे चार दिवस गेले, आणि शेवटी दोष निघाला टाकीतल्या जाळीत. तुमचं तसं होऊ नये.

पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल भरा, तो फीड पंपापेक्षा वर बांधा आणि टाकीचा पाईप काढून कॅनचा पाईप थेट फीड पंपाला जोडा. रिटर्न पण कॅनमध्येच सोडा. लाईनमधली हवा म्हणजे एअर काढा आणि गाडी चालवा, दुसऱ्या दिवशी सकाळी पण तशीच स्टार्ट करून बघा. व्यवस्थित स्टार्ट झाली तर पंप ठीक आहे, दोष टाकी, जाळी किंवा मधल्या पाईपात आहे. तरीही त्रास देत असेल तर पुढे जाऊन फीड पंप, फिल्टर, मग मेन पंप असं बघत जा.

बऱ्याच वेळा गाडी 'एअर घेत' असते. इथे लोक फसतात कारण कुठेच ओलं दिसत नाही. ढकलणाऱ्या बाजूला गळलं तर डिझेल बाहेर येतं आणि दिसतं, पण ओढणाऱ्या बाजूला फट असली तर डिझेल बाहेर येतच नाही, उलट हवा आत जाते आणि रात्रीत डिझेल मागे टाकीत उतरतं. फीड पंपाच्या आधी थोडा वेळ पारदर्शक नळी लावा, बुडबुडे दिसले की समजलं. मग तांब्याचे वायसर, बँजो बोल्ट (पाईप जोडणारे पोकळ बोल्ट), प्रायमरचं रबर, सेडिमेंटर (पाणी आणि घाण खाली बसवणारी वाटी) असेल तर त्याच्या वाटीची रिंग, हे सगळं बदला. वायसर प्रत्येक वेळी नवीन घाला. नसतीलच तर जुना गॅसवर लाल करून थंड करून घाला, तांबं मऊ होतं आणि परत बसतं.

इनडायरेक्ट इंजिन असेल, म्हणजे छोटा हत्तीसारखं, तर आधी हीटर प्लग (स्टार्ट करताना आतली हवा तापवणारे) पण तपासा. गोव्यात थंडी नाही म्हणून ते लागत नाहीत असं बरेच जण समजतात, तसं नाहीये.

५. ओरिजनल, ओई आणि लोकल, काय घ्यायचं?

ओरिजनल म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. ओई म्हणजे तो पार्ट मुळात बनवणाऱ्याच्याच डब्यातला, बऱ्याचदा आतला माल तोच आणि थोडा स्वस्त. लोकल म्हणजे बाकी सगळं, त्यात चांगलं पण असतं आणि भयंकर पण.

माझं मत सांगतो. ब्रॅकेट, टाकीचं झाकण, क्लॅम्प, फ्लोट हे लोकल चालेल. फिल्टर, नोझल, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, प्लंजर-बॅरल यात एक रुपया पण वाचवायला जाऊ नका. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणजे हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो त्यातले दोन-तीन, आणि त्याला राखण करायला फक्त तो कागदी फिल्टर आहे. स्वस्त फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या कमी असतात, गोंद सुटतो, आणि तो कचरा सरळ पंपात. फिल्टर घेताना डब्यावरचं होलोग्राम, छापील नंबर आणि एमआरपी बघा आणि पक्कं बिल घ्या. बिल द्यायला दुकानदार का-कू करत असेल तर निघून या.

६. गोव्यात मिळतात कुठे? आणि बाहेरून मागवायचे तर?

म्हापसा, फोंडा आणि मडगाव या तिन्ही ठिकाणी स्पेअर पार्टची दुकानं पण आहेत आणि पंप-नोझलची कामं करणारे पण. खाणीच्या पट्ट्यात म्हणजे साखळी, उसगाव, धारबांदोडा, कुडचडे इथे टिपरमुळे डिझेलची चांगली माहिती असलेले जुने मेकॅनिक तयार झाले. २०१२ ला खाणी थांबल्या, मग २०१८ ला परत, त्यात बऱ्याच जणांचं काम गेलं, पण जे टिकलेत त्यांना इनलाइन पंपाचा हात आहे, विचारत जा.

इथे नाही मिळालं तर पेडणे-बार्देशवाल्यांना सावंतवाडी-कुडाळ जवळ, बाकीच्यांना बेळगाव. नंतर कोल्हापूर, पुण्यात नाना पेठ, मुंबईत जुन्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. फोनवर नंबर सांगायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पट्टीचा फोटो आणि मागून पुढून पार्टचा फोटो पाठवायचा, आणि समोरच्याला त्याच्या हातातल्या पार्टच्या नंबराचा फोटो पाठवायला लावायचा, मगच पैसे. रात्रीच्या बसने पार्सल सकाळी येतं. पावसात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड आली तर एक-दोन दिवस उशीर धरा. जुना पंप पाठवताना आतलं डिझेल पूर्ण काढा, सगळी तोंडं बंद करा, नाहीतर पार्सलवाला घेणार नाही आणि वाटेत आत माती पण जाईल.

७. माझी मासळीची गाडी आहे, टाकी खालून गंजून गेलीय. नवीन टाकी कुठे मिळेल?

हा प्रश्न मालीम, कुटबण, वास्को, शापोरा अशा सगळ्या मासळीच्या जेट्ट्यांवरून येतो. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून सरळ टाकीवर आणि पाईपांवर पडतं, शिवाय टाकी आवळणाऱ्या पट्ट्याखाली ते साचून राहतं आणि टाकीला नेमकं पट्ट्याखालीच भोक पडतं. टाकी घ्यायच्या आधी पाण्याची वाट बदला, हौद्याला नळी लावून पाणी मागे सोडा, नाहीतर नवीन टाकी पण तशीच जाईल.

टाकीचे तीन मार्ग. नवीन कंपनीची मिळाली तर उत्तम. भंगारातली चांगली मिळाली तर ती, पण आत टॉर्च घालून बघा आणि फ्लोटचं भोक आणि पट्ट्यांची जागा मोजून घ्या. तिसरा म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणे, तेव्हा आत आडवे पत्रे घालायला सांगा नाहीतर वळणावर डिझेल एका बाजूला जाऊन गाडी एअर घेते, आणि खाली ड्रेन प्लग हवाच.

छोटं भोक असेल तर रेडिएटरवाला डाग देऊन देतो. पण कृपा करून रिकामी टाकी तशीच वेल्डिंगला देऊ नका, रिकाम्या टाकीत डिझेलची वाफ असते, ती पेटून टाकी फुटते, माणूस मरतो. आधी टाकी पूर्ण धुवून, वाफ घालवूनच, आणि ज्याला हे काम माहीत आहे त्याच्याकडेच.

पावसात टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, आतल्या हवेतलं पाणी जमतं आणि खाली बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळी बुळबुळीत घाण वाढते, ती जंतूंची असते, फिल्टर पुन्हा पुन्हा चोंदत असेल तर तीच असू शकते. टाकी उतरवून धुवावी लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा गाडी उभीच असते, टाकी, जाळी, फिल्टर हे सगळं तेव्हाच उरकून घ्या.

टाकी बदलल्यावर डिझेलचा काटा चुकीचा दाखवायला लागला तर आधी फ्लोटची अर्थ वायर बघा, रंगावर बसवलेली असते आणि अर्थच मिळत नाही.

८. रबरी पाईप कुठलाही चालतो का?

नाही. डिझेलसाठीचा म्हणून मिळतो तोच, अंगावर तसं छापलेलं असतं. रेडिएटरच्या पाण्याचा रबर डिझेलमध्ये फुगतो आणि आतून सुटतो, बाहेरून चांगला दिसतो आणि आत बंद झालेला असतो. बागेतला पारदर्शक पाईप चार दिवस तपासायला ठीक, कायम ठेवला तर कडक होऊन तडकतो. आणि तारेने आवळू नका, तार रबर कापते, क्लॅम्प फार महाग नसतो.

९. नोझल पाईप तुटला, वेल्डिंग करून चालेल?

अजिबात नाही. त्यात शेकडो बार प्रेशर असतं. जुना पाईप घेऊन पंपवाल्याकडे जा, तो जाड नळीला तोंड दाबून नवीन बनवून देतो. लांबी आणि आतलं भोक बाकीच्या पाईपांसारखंच हवं, एक लांब एक आखूड झाला तर इंजिन ठोकतं. आणि चालू इंजिनवर गळती हाताने शोधू नका, पुठ्ठा धरा. ती बारीक धार कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते पण लगेच हॉस्पिटलला जावं लागतं, वाट बघू नका.

१०. एकच नोझल खराब आहे, एकच बदलू की सगळे?

सगळे पंपवाल्याकडच्या नोझल टेस्टरवर लावून बघा आधी. थेंब गळतो का, फवारा सगळीकडे सारखा पडतो का, आणि किती बारला उघडतो. इनडायरेक्टवाले साधारण १२० ते १५० बारच्या आसपास, डायरेक्टवाले २०० च्या वर, नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो. बाकीचे चांगले असतील तर एकच बदला पण नंबर तोच आणि प्रेशर बाकीच्यांसारखंच सेट करून. बसवताना भोकात जुना वायसर चिकटून राहिलाय का ते बघा, दोन वायसर एकावर एक बसले तर नोझल वर राहतो आणि मग धूर का येतो ते शोधत बसावं लागतं.

११. पंप रिपेअर करू की एक्स्चेंजमध्ये तयार पंप घेऊ?

तुमचा पंप मूळचाच असेल तर रिपेअर. एक्स्चेंजमध्ये तुमचा चांगला पंप जातो आणि कुणाचा तरी झिजलेला रंग मारून येऊ शकतो. घाई असेल, गाडीवर पोट असेल तर एक्स्चेंज ठीक, पण पट्टीचा नंबर जुळवूनच (प्रश्न ३).

रिपेअरला देताना तीन गोष्टी सांगा. काढलेले जुने पार्ट परत हवेत. कॅलिब्रेशनचे आकडे, म्हणजे कुठल्या स्पीडला प्रत्येक लाईनला किती डिझेल पडलं, ते कागदावर हवेत. आणि डिझेल वाढवायचा स्क्रू कंपनीच्या मापावरच ठेवा, 'पिकअप वाढवून देतो' म्हणाला तर नको म्हणा, धूर वाढतो आणि इंजिन तापतं. पंप उतरवायच्या आधी टायमिंगच्या खुणांचा फोटो काढून ठेवा.

१२. भंगारातून काय घ्यावं, काय नाही?

टाकी, ब्रॅकेट, फिल्टरची बॉडी, लोखंडी पाईप, पंपाची बॉडी घ्या. रबर, फिल्टर आणि नोझल घेऊ नका. फीड पंप घेतला तर किट नवीन घालूनच. अख्खा पंप मिळाला तर तो 'चालू' आहे असं न धरता सरळ पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवर (पंप फिरवून तपासायच्या मशीनवर) न्या.

१३. नवीन डिझेल आल्यापासून पंप गळतोय असं ऐकलं, खरं आहे का?

अर्धं खरं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, त्यात सल्फर १० पीपीएमपर्यंतच, बीएस-४ मध्ये ५० पर्यंत असायचं. सल्फर काढताना डिझेलचा बाकीचा गुण पण थोडा बदलतो आणि वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगलेल्या रबरी रिंगा आकसू शकतात, मग शाफ्ट किंवा झाकणाकडून गळतं. रिंगा चांगल्या रबरच्या घालून किट बदललं की थांबतं, यासाठी अख्खा पंप बदलायची गरज नाही. वंगण कमी पडतं म्हणून इंजिन ऑइल किंवा टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं ऑइल) मिसळायला सांगतात, वंगणाचं माप डिझेलच्या दर्जातच ठरलेलं असतं, मी काही मिसळत नाही. रॉकेल तर कधीच नको, त्याने प्लंजर कोरडे घासतात.

१४. डिझेल पंपापर्यंत येतंय, एअर नाही, तरी नोझलला काहीच येत नाही. पंप गेला ना?

रोटरी पंप असेल तर आधी स्टॉप सोलेनॉइड (चावीच्या करंटवर डिझेल चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह) बघा. चावी चालू केली की पंपावर 'टक' असा आवाज यायला हवा. नाही आला तर त्याच्या वायरला करंट येतो का ते टेस्ट लॅम्पने बघा, नंतर बॅटरीवरून १२ व्होल्ट थेट देऊन बघा. करंट येत नसेल तर फ्यूज किंवा वायर, करंट येऊन टक होत नसेल तर सोलेनॉइड, तो सुटा मिळतो. इनलाइन पंपावर स्टॉपची केबल किंवा लिव्हर अडकलेली असते, हाताने सोडून बघा.

१५. माझी गाडी कॉमन रेलची आहे (एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल, कंट्रोल कॉम्प्युटरचा), हेच सगळं चालेल?

टाकी, पाईप आणि फिल्टरपर्यंत हो, त्यापुढे नाही. तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं, चालू इंजिनवर नट सैल करून एअर काढायची जुनी सवय तिथे जीवघेणी आहे. बऱ्याच इंजेक्टरवर कोड असतो तो स्कॅनरने ईसीयूमध्ये म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, न भरता बसवला तर गाडी खडखडते आणि लोक इंजेक्टरलाच दोष देतात.

१६. जुनी पेट्रोल गाडी आहे, तिचं काय?

ई-२० पेट्रोल आता सगळीकडे आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुने रबरी पाईप, कार्ब्युरेटरचं किट आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम हे इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, फुगतात किंवा तडकतात. बदलताना इथेनॉलला चालणारं किट मागा. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

१७. पंप किंवा टाकी बदलली तर आरटीओला कळवावं लागतं का?

तसाच पार्ट त्याच जागी असेल तर नाही. इंजिन बदललं किंवा डिझेलचं दुसऱ्या इंधनावर नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी परवानगी घेऊन आरसीत नोंद करावी लागते. टाकी वेगळ्या जागी बसवायची असेल तर पण आधी विचारून घ्या. पासिंगला गळती चालत नाही, आणि पीयूसीत बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धूर किती काळा ते मोजायचं एकक) आहे. त्यात नापास झाली तर नोझल आणि एअर फिल्टर आधी, पंप नंतर.

१८. सगळे म्हणतात पार्टच बंद झालाय, आता गाडी भंगारात द्यायची का?

इतक्यात नको. अख्खा पार्ट बंद झाला तरी आतले तुकडे बहुतेक मिळतात. फीड पंप, प्रायमर, फिल्टरची बॉडी हे मायकोचे पार्ट ट्रॅक्टर, टेम्पो, जनरेटर सगळीकडे लागलेत, म्हणून कारच्या दुकानात नाही म्हणाले तर ट्रॅक्टरवाल्याकडे विचारा, आणि परत सांगतो, नंबर सांगून विचारा. फिल्टरची बॉडी पूर्णच मिळत नसेल तर त्याच क्षमतेची दुसरी बॉडी ब्रॅकेट बदलून लावता येते, फक्त आत आणि बाहेर जायचे बाण उलटे जोडू नका. जपानी पंप असेल, झेक्सेल किंवा आधीचा डीझेल किकी, तर ती कंपनी बॉशच्या लायसन्सवर पंप बनवायची, त्यामुळे बऱ्याच नोझल-प्लंजरला बॉशचा जोड नंबर निघतो, पंपवाल्याकडे कॅटलॉग असतो तो बघायला लावा.

आणि बदललेला जुना पार्ट फेकून देऊ नका, डिझेलने पुसून कापडात गुंडाळून नंबराची चिठ्ठी लावून ठेवा. पुढच्या वेळी काउंटरवर न्यायला तोच लागणार आहे.